चाके टेकल्यावरच शेवटचा बोल्ट आवळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात खड्ड्यांबद्दलची पत्रे वरचेवर येतात आणि ती यायलाच हवीत. मला मात्र आज गाडीच्या पोटाखालच्या एका वीतभर जागेबद्दल लिहायचे आहे. तिथे एक रबराचा बुश असतो, म्हणजे दोन लोखंडी भागांच्या जोडात बसवलेली रबराची जाड कडी. गेल्या दीड वर्षात त्या बुशाने मला खूप पळवले, पैसे खर्च करायला लावले आणि शेवटी एक गोष्ट शिकवली. ती गोष्ट सांगली-मिरजेतल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते. पत्र थोडे लांबेल, पण कृपया कापू नये.

मी ६३ वर्षांची आहे. हायस्कूलमध्ये तेहतीस वर्षे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. घर हरिपूर रस्त्याला. गाडी २००८ सालची वॅगन आर, माझ्या यजमानांनी घेतलेली. ते गेल्यापासून मीच चालवते. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा लोकांनी मोडीत काढायचा सल्ला दिला. मी तिची तपासणी करून घेतली आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी आम्ही उंचावर म्हणून एका ओळखीच्यांच्या दारात नेऊन लावली होती, तिथेही अर्ध्या चाकापर्यंत पाणी आले. इंजिन वाचले, पण खालच्या सगळ्या नटबोल्टांत कृष्णेचा गाळ बसला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दीड वर्षापूर्वी तासगावला बहिणीकडे जाताना गाडीच्या मागच्या बाजूने आवाज यायला लागला. खड्ड्यातून चाक वर येताना एकदा ‘खट्’ आणि मग शांत. आठ-पंधरा दिवसांनी आणखी एक गोष्ट जाणवू लागली. उसाच्या हंगामात समोरून भरलेला ट्रक वेगाने गेला की गाडीचा मागचा भाग कुणीतरी खांद्याने ढकलल्यासारखा हलायचा आणि स्टिअरिंग धरलेला हात नकळत आवळला जायचा. बहीण शेजारी बसली होती, ती म्हणाली, “अगं, गाडी मागून डुलतीय.” मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

गॅरेजमध्ये नेली. मागचे दोन्ही शॉकअप गेलेत म्हणून ते बदलले. (शॉकअप बदलायचे तर जोडीनेच बदलावेत, हे बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.) आवाज तसाच. परत गेले, तेव्हा खाली बघून मेकॅनिक म्हणाला की मागच्या आडव्या रॉडचे बुश संपले आहेत. रॉड नवा घातला, आवाज थांबला, मी समाधानाने घरी आले. तो पोरगा माझा जुना विद्यार्थी, आदराने म्हणाला, “बाई, आता बिनधास्त जावा, काय होत न्हाई.” दोन्ही बिले मिळून साडेसहा हजार झाले. सात महिन्यांनी तोच ‘खट्’ परत आला. पुन्हा गेले तर उत्तर मिळाले, “आपले रस्तेच तसले हायत बाई, बुश टिकणार कसा?”

हे उत्तर मी मान्य केले होते. रस्ते आहेतच तसे. पण माझा भाचा इथल्या आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला होता, त्याला आवाज ऐकवला. त्याने गाडी वर उचलली नाही की काही खोलले नाही. सपाट जमिनीवर उभ्या गाडीच्या मागे टॉर्च घेऊन आडवा झाला आणि मला म्हणाला, “मावशी, मागच्या दाराजवळ उभी राहून गाडी आडवी हलव, डावीकडे-उजवीकडे.” मी हलवली. तो खालून म्हणाला, “बॉडी हलतीय, ॲक्सल जागेवरच हाय. बुश फाटलाय.” मग बाहेर येऊन त्याने जो प्रश्न विचारला, त्यासाठीच हे सगळे पत्र आहे. “गॅरेजमध्ये रॉडचे बोल्ट आवळले तेव्हा गाडी वर टांगलेली होती का चाकांवर उभी होती?”

मी तिथे खुर्चीवर बसून पाहिले होते. गाडी लिफ्टवर होती, चारही चाके खाली लोंबत होती. मुलाने हवेच्या गनने दोन्ही बोल्ट करकचून आवळले आणि मग गाडी खाली घेतली.

“मग सात महिनेच टिकणार,” भाचा म्हणाला. त्यांच्या सरांनी हे वर्गात शिकवले होते.

आता हे असे का, ते सांगते. जुन्या वॅगन आर, अल्टो यांसारख्या गाड्यांना मागे एकच आडवा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा कणा असतो. दोन स्प्रिंगा त्याला वर-खाली सांभाळतात, दोन लांब दांडे मागे-पुढे सरकू देत नाहीत. पण तो डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून फक्त एकच आडवा रॉड असतो. त्याचे एक टोक ॲक्सलला आणि दुसरे टोक गाडीच्या बॉडीला. या दोन्ही टोकांत बुश असतात. बाहेर लोखंडी कडे, आत लोखंडी नळी, मध्ये रबर, आणि रबर दोन्हींना घट्ट चिकटवलेले. नळीतून बोल्ट जातो.

दाराच्या बिजागरीत खिळा फिरतो. बुशात काहीच फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. चाक खड्ड्यात उतरले की रॉड तिरका होतो, त्याच्याबरोबर बाहेरचे कडे वळते आणि मधले रबर पिळले जाते. चाक परत वर आले की पीळ सुटतो. ओल्या पंचाला दोन्ही हातांनी पीळ द्यावा आणि सोडावा, तसे. रबराला हे झेपते, त्याचे कामच ते आहे, फक्त पीळ दोन्ही दिशांना थोडा थोडा बसला पाहिजे आणि गाडी नुसती उभी असताना तो शून्य असला पाहिजे.

चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर काय होते? ॲक्सल त्या वेळी पार खाली असतो, रॉडचा कोन वेगळा असतो. नळी त्या कोनात जखडली जाते. म्हणजे रबराला लोंबकळतानाची स्थिती ही ‘विश्रांती’ वाटते. गाडी खाली उतरवली, चाकांवर वजन आले, ॲक्सल वर गेला, की त्या क्षणापासून रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत. दारात उभी असताना पिळलेले, रात्रभर पिळलेले, आणि वरून प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. ते सात महिने टिकले हेच विशेष. यात रस्त्याचा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही, पण रस्त्यावर जाण्याआधीच त्या रबराचे आयुष्य कमी झाले होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट सांगितलेले असते की हे बोल्ट लावताना कच्चे आवळायचे आणि शेवटचे आवळणे रिकामी गाडी चाकांवर उभी असताना करायचे. एवढीच ती गोष्ट. यात जास्तीचा पैसा नाही, वेगळे हत्यार नाही, फक्त गाडी उतरवून परत खाली वाकण्याची पाच-दहा मिनिटे आहेत.

मग आम्ही ठरवले की रॉड घरीच बदलायचा. शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानातून बुशासकट रॉड आणला. नुसते बुशही मिळतात, पण ते घरात बसवता येत नाहीत. त्यांना दाबून बसवायला प्रेसचे यंत्र लागते. हातोडीने ठोकून बसवलेला बुश कडा चेपूनच आत जातो. नट जुने वापरायचे नाहीत, स्वतःहून न सुटणारे नट एकदा काढले की त्यांची पकड कमी होते, म्हणून तेही नवे घेतले. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत आवळले की आवाज देणारा पाना, भाच्याने मित्राकडून आणला.

लिफ्ट नाही, तर गाडी चाकांवर ठेवूनच काम कसे करायचे, हा प्रश्न होता. आमच्या जुन्या घराच्या सागवानी तुळईचे दोन तुकडे परसात पडून होते, चांगले चार इंच जाड, चाकापेक्षा रुंद. त्यांच्यापुढे उतरत्या फळ्या लावून गाडी सावकाश मागे घेतली आणि मागची दोन्ही चाके त्या तुकड्यांवर चढवली. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. गाडी तिच्या स्वतःच्या चाकांवर, स्प्रिंगा नेहमीच्या दाबाखाली, आणि खाली जायला भाच्यापुरती जागा. जॅक लावलाच नाही.

आदल्या रात्री बोल्टांवर गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवला होता. ॲक्सलच्या बाजूचा बोल्ट सकाळी सहज सुटला. बॉडीकडचा नट सुटला, पण बोल्ट नळीतून बाहेर येईना. गॅरेजमध्ये सात महिन्यांपूर्वी रॉड नवा घातला तरी बोल्ट तोच पुराचे पाणी प्यालेला परत घातला होता. भाचा गॅसची ज्योत आणू का म्हणाला. मी साफ नाही म्हटले. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते आणि तिच्याजवळ ज्योत न्यायची नाही, हे प्रयोगशाळेत तेहतीस वर्षे मुलांना सांभाळलेल्या बाईला कुणी शिकवायला नको. पुन्हा स्प्रे मारला, जेवून घेतले, दुपारी नट बोल्टाच्या टोकावर दोन आटे चढवून त्यावर पितळेचा तुकडा धरून ठोकले. पितळ मऊ, म्हणून आटे खराब होत नाहीत. तासाभराने बोल्ट हलला. बाहेर आला तेव्हा त्याच्या मधल्या भागावर वाळलेल्या गाळाचा लाल-तपकिरी थर होता. पाच-सहा वर्षांपूर्वीचा पूर त्या बोल्टावर अजून होता. तो बोल्टही आम्ही नवा आणला. त्यासाठी भाचा सायकलवरून दुकानात जाऊन आला.

जुना रॉड निघाल्यावर ॲक्सल अंगठाभर एका बाजूला सरकला आणि नव्या रॉडचे भोक ब्रॅकेटसमोर येईना. इथे पहार घालून ताकद लावायचा मोह होतो. मी फक्त बाहेरून गाडीला खांदा लावून हळूच रेटा दिला, भाच्याने खालून बोल्ट सरकवला, बसला. मग गाडी दोन-चार वेळा मागून दाबून सोडली, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी स्थिरावतात. आणि मग मी म्हटले, शेवटचे मी आवळणार. चटई टाकून मी गाडीखाली गेले. पाना स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, म्हणजे सटकला तरी हात पत्र्यावर आपटत नाही. मॅन्युअलमधला आकडा पान्यावर लावलेला होता, दोन्ही नटांना ‘कट्’ असा आवाज आला आणि थांबले. नट आणि ब्रॅकेट यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

त्याला आता अकरा महिने झाले. एक पावसाळा गेला, तासगावच्या वीसेक फेऱ्या झाल्या. परवा चटई टाकून पाहिले, रेघ अखंड आहे, रबराला चीर नाही.

आता काही गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. हे पत्र वाचून कुणी उत्साहाने गाडीखाली शिरेल, म्हणून.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही. एक हातसुद्धा घालायचा नाही. वॅगन आरसारखी छोटी गाडीही आठशे किलोंहून जड असते. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. गाडी चार बोटे पुढे सरकली की तो आडवा होतो. तेलाचा जॅक एका रबरी सीलच्या भरवशावर उभा असतो. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच नकोत, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. गाडी उचलायचीच असेल तर लोखंडी घोड्या लावाव्यात, त्याही कच्च्या मातीवर नाहीत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की मागची चाके हवेत, आणि हँडब्रेक धरण्यासारखे काही उरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावणे ही नुसती औपचारिकता नाही, गाडीला जागेवर धरणारी ती मुख्य गोष्ट आहे. शिवाय पुढच्या शॉकअपच्या भोवती दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती घरी खोलायला जाऊ नये. ती सुटली तर माणूस दगावतो. ते काम गॅरेजचेच.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडी धुवायला दिली की खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारून देतात. गंज लागू नये म्हणून. पत्र्याला ते कदाचित उपयोगी पडत असेल, पण नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि मऊ पडते. शाळेत मी हा प्रयोग मुलांना दाखवत असे, रबराचा जुना तुकडा रॉकेलमध्ये चार दिवस ठेवला तर तो ओळखू येत नाही. बुशाचेही तसेच होते. बुश करकरतोय म्हणून त्यावर ऑइल सोडणारेही मी पाहिले आहेत. आवाज आठवडाभर थांबतो आणि बुश लवकर जातो. मी आता फक्त पाण्याने धुऊन घेते आणि “खालून ऑइल नको” असे आधीच सांगते.

स्पीडब्रेकरबद्दल थोडक्यात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ९९ या १९८८ च्या नियमावलीत गतिरोधक कसा असावा ते दिले होते. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सहज जाईल असा. माझ्या घराजवळच्या वळणावरचा मी फूटपट्टी नेऊन मोजला. उंची १४ सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. अशा गतिरोधकावरून लोक गाडी तिरकी काढतात, एक चाक वर, एक खाली. त्याने ॲक्सल एका बाजूने उचलला जातो आणि आडव्या रॉडला झटका बसतो. याबद्दल संबंधितांना मी वेगळे निवेदन देणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या गॅरेजवाल्या बंधूंना माझी विनंती आहे. तुमच्यातले पुष्कळ माझे विद्यार्थी आहेत, तुम्ही उन्हातान्हात, तेलात हात घालून काम करता याची मला जाणीव आहे. मागच्या रॉडचा, लांब दांड्यांचा, पुढच्या खालच्या आर्मचा, कुठल्याही रबरी बुशाचा बोल्ट असेल, तो लिफ्टवर फक्त कच्चा आवळा. गाडी खाली घ्या, एकदा पुढे-मागे ढकला, आणि मग पक्का आवळा. जिथे खाली हात पोहोचत नाही तिथे ॲक्सलखाली आधार देऊन चाकांवर येते तेवढे वजन आणा. हवेच्या गनने शेवट करू नका. तुमचा अर्धा तास जाणार नाही.

आणि गाडीमालकांना सांगणे आहे की गाडी देताना एवढा एकच प्रश्न विचारा, “शेवटचं आवळणार ते चाकं टेकवून ना?” बिल होण्याआधी विचारा, नंतर नाही. मी मागच्या महिन्यात शेजारणीच्या अल्टोबरोबर गॅरेजमध्ये गेले आणि हा प्रश्न विचारला. मेकॅनिक क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “बरोबर हाय तुमचं,” आणि त्याने गाडी खाली घेतली.

इथल्या आयटीआयला आणि विश्रामबागच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करायची आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी दोन तास वर्कशॉप सामान्य गाडीमालकांसाठी उघडावे. गाडी सुरक्षित कशी उभी करायची, खाली काय काय असते, कुठले काम आपले आणि कुठले गॅरेजचे, एवढे दाखवावे. बायकांना आवर्जून बोलवावे. आम्ही पुष्कळजणी आता गाडी चालवतो, पण बॉनेट उघडले की बाजूला उभ्या राहतो, आणि खाली वाकून तर कुणी बघतच नाही. मी येऊन मदत करायला तयार आहे.

आमचा जुना रॉड मी टाकून दिलेला नाही. भाच्याने त्याच्या बुशाचा हॅक्सॉने उभा छेद घेतला. आतली नळी मध्यभागी राहिलेली नाही, एका बाजूला सरकली आहे, आणि रबराच्या चिरा सगळ्या एकाच दिशेने तिरप्या गेल्या आहेत, कायम एकाच बाजूला पिळल्याची खूण. तो तुकडा मी धुऊन, पुसून, लाकडी फळीवर बसवून ठेवला आहे. जानेवारीत आमच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन आहे, तेव्हा तो एका नव्या रॉडच्या शेजारी मांडणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
हरिपूर रस्ता, सांगली